सहीआधी वरचा माळ

आमच्या ठाण्यातल्या नौपाड्यात प्रवासाचं सांगायचं तर निदान बाली तरी लागतं. शेजारच्या लेलेबाई जाऊन आल्या आणि गच्चीवर पडदा लावून अख्ख्या बिल्डिंगला त्यांनी फोटो दाखवले. मी गेले कोलशेतला आणि तिथून मलंगगडाच्या पायथ्याला, माझ्या माहेरी. शुक्रवार ते रविवार. जिल्ह्याबाहेर पाऊलही टाकलं नाही. पण लेलेबाई दोन चपला घालून गेल्या आणि दोन घालून आल्या, माझी एक खाडीत राहिली. तेव्हा सांगायचा हक्क माझाही आहेच.

निमित्त होतं सहीचं. माहेरी गावाच्या डोक्यावर आमचा डोंगरउतार आहे, त्याला आम्ही वरचा माळ म्हणतो. अर्धा नुसत्या गवताचा, अर्ध्यात ऐन-किंजळीची झाडं आणि करवंदीच्या जाळ्या, मध्ये एक झरा. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर दोन नावं लागली, थोरल्या दादाचं आणि माझं. आता एक कंपनी तो माळ तीस वर्षांच्या भाड्याने मागत होती. तिथे ती झाडं लावणार, झाडं हवेतला धूर शोषून वाढणार, आणि किती शोषला त्याचं मोजमाप करून कंपनी ते कुठल्यातरी लांबच्या कारखान्याला विकणार. म्हणजे कारखान्याला सांगता येतं, बघा, आम्ही सोडला तेवढा धूर झाडांनी भरून काढला. याला कार्बन क्रेडिट म्हणतात. मला दोनदा समजावून घ्यावं लागलं, पण समजलं.

दादाचा फोन आला. "बाय, रविवारी ये. सही कर न जा. साडी घेतलीय तुना."

आमच्याकडे रीतच आहे. बहिणीने जमिनीचा कागद आला की सही करायची, साडीचोळी घ्यायची आणि हसतमुखाने सासरची वाट धरायची. माझ्या दोन्ही आत्यांनी तेच केलं. ही सहीही त्यातलीच, असं दादाने धरून टाकलं होतं.

वर पुण्याहून लेकीचा फोन. "आई, लगेच सही कर हं. जंगल वाढतंय, क्लायमेटसाठी किती चांगलं! झाडांना कोण नाही म्हणतं?"

अगं, मी कुठे नाही म्हणतेय! पण नौपाड्यात पोळीभाजी केंद्र चालवण्यात माझा जन्म गेलाय. मी देठ बघितल्याशिवाय वांगं घेत नाही, मग तीस वर्षांची सही काय अशीच ठोकून देऊ? कंपनीच्या रंगीत पुस्तिकेत त्यांनी केलेल्या दोन कामांचे फोटो होते. एक कोलशेतच्या खाडीतल्या तिवरांचा आणि दुसरा माझ्या माहेराशेजारच्याच गावातल्या टेकडीचा. म्हटलं, दोन्ही डोळ्यांनी बघते, मग पेन हातात घेते. आमचे हे म्हणाले, "तुझं माहेर, तुझी अक्कल," आणि पेपरात डोकं घातलं.

कोलशेत, शुक्रवार

कोलशेतला माझी मैत्रीण फिलोमिना राहते. आमची ओळख मासळीबाजारातली. केंद्राचं गिऱ्हाईक सोवळं, तिथे मी कांद्याचीही भजी जपून तळायचे, पण मुळात मी आगऱ्याची लेक, तेव्हा संध्याकाळी पिशवी घेऊन फिलोमिनाच्या टोपलीपुढे हजर. तिचं घर खाडीकाठच्या जुन्या वाडीत आहे. अंगणात क्रूस, क्रूसावर झेंडूची माळ, आणि मागे टॉवरच टॉवर. त्यांचे वाडवडील पोर्तुगीजांच्या काळात ख्रिस्ती झाले, पण भातलावणी आणि जाळं काही सोडलं नाही.

ओहोटी लागली तशी ती म्हणाली, "चल, तुला दाखवते. साडी वर खोच."

मी खोचली, पण चप्पल काढायला विसरले. बांधावरून उतरले ती सरळ गुडघाभर चिखलात. पाय निघाला, चप्पल काही निघेना. मी हात घालून चाचपडतेय आणि ही बया बांधावर बसून हसतेय.

"सोड गो ती. खाडीला दिलेलं परत मागायचं नसतं."

मग एका पायात चप्पल घालून काय करायचं म्हणून दुसरीही बांधावर काढून ठेवली आणि अनवाणी निघाले. तिवरांच्या आत शिरलो. बाहेर चैत्राचं ऊन भाजत होतं आणि आत सावली, गारवा, चिखलातून वर आलेली बोटभर मुळं, त्यांच्यामधून तुरुतुरु पळणारे खेकडे. रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाजही निम्मा झाला. खरं सांगते, मला तिथेच बसून राहावंसं वाटलं. पुस्तिकेतला फोटो इथलाच होता. मागचा पाण्याच्या टाकीचा मनोरासुद्धा जुळला.

"छान वाढवलीत की हो कंपनीने!" मी म्हटलं.

"कोणी वाढवलीत?" फिलोमिना उसळलीच. "हे आमचं खाजण होतं, खाडीला बांध घालून केलेलं शेत. आजोबा भात लावायचे. बांध फुटला, बांधायला माणसं मिळाली नाय, भरतीचं पाणी आत आलं. पाण्याबरोबर बिया आल्या. झालं. कंपनीने लावलेली ती बघ तिकडे."

तिकडे उघड्या चिखलात रोपांच्या रांगा होत्या, शाळेच्या कवायतीसारख्या. बहुतेक नुसत्या काड्या. तिथे प्रत्येक भरतीला रोपं पार बुडतात, म्हणून जगत नाहीत. आणि नेमक्या त्याच चिखलात वाडीतल्या बायका ओहोटीला निवट्या धरायच्या. निवट्या म्हणजे चिखलावर टुणटुण उड्या मारणारे छोटे मासे. आता तिथे जाळी आणि पाटी.

"म्हणजे तुला तिवर नकोत?"

"नको कशी? उधाणाचं पाणी पूर्वी माझ्या चुलीपर्यंत यायचं. तिवर वाढली तशी थांबलं. चिंबोऱ्या बघ केवढ्या झाल्यात. आणि तोडली कोणी होती पहिली? आमच्याच लोकांनी. सरपणाला तोडली, भराव घालायला तोडली, मग पाणी घरात आलं तेव्हा बोंबलत बसलो. मला तिवर पाहिजेत. पण निवट्यांच्या जागेवर नको. एवढंच."

एवढंच म्हणते, पण त्यात सगळं आलं. जिथे पाणी आत येऊ दिलं तिथे जंगल फुकटात उभं राहिलं, आणि जिथे खर्च केला तिथे काड्या.

जेवायला तिने निवट्यांचं आंबट कालवण, तळलेल्या मांदेल्या आणि तांदळाची भाकरी वाढली. वर म्हणते, "आज साधंच आहे हां, आमचे उपासाचे दिवस. ईस्टरपर्यंत शुक्रवारी मटण नाय." अरे देवा! आम्ही उपासाला वरीचे तांदूळ गिळतो आणि यांचा उपास मांदेल्यांवर. मी तिला म्हटलं, पुढच्या जन्मी तुझ्या घरी येते, नाव घालून ठेव. निघताना तिने तिच्या मुलीच्या चपला दिल्या. जांभळ्या, चमकीच्या. पुढचा सगळा प्रवास मी त्यांतच केला.

शेजारच्या गावची टेकडी, शनिवार

खोपटला एसटी पकडली, कल्याणला उतरून पुढे सहा आसनी रिक्षा. वाटेबद्दल सांगण्यासारखं काही नाही. दादा फाट्यावर मोटारसायकल घेऊन उभा होता. माझ्या चपलांकडे बघितलं, बोलला काही नाही. समजूतदार आहे तसा.

"पयली शेजारची टेकडी दाखव," मी म्हटलं.

तो जरा घुटमळला. "तिकरं कं बगायचंय? घरी चल, वयनी जेवाला थांबलीय."

मी ऐकते होय! गेलो. टेकडीला चांगलं लोखंडी खांबांचं, काटेरी तारांचं कुंपण होतं. दारावर कंपनीची पाटी, हिरव्यागार पानाचं चित्र. आणि पाटीमागे सगळी टेकडी काळी. खालपासून वरपर्यंत राख. रोपांच्या जागी कोळशाच्या काटक्या. वाऱ्याने राख उडून माझ्या जांभळ्या चपलांवर बसत होती.

"कोनतरी लावली आग," दादा म्हणाला. "जलतात लोकं दुसऱ्याच्या पैशावर."

तिथला राखणदार दाराशीच सावलीत बसला होता. मी त्याला विचारलं. दादाने नकोच म्हणून डोळे मोठे केले, पण विचारलंच. आग कुणी मुद्दाम लावली नव्हती. खालच्या शेतात राब भाजत होते. आमच्या बाजूला भाताचं रोप करायच्या जागेवर पालापाचोळा, फांद्या, गवत पसरून उन्हाळ्यात जाळतात, त्याला राब म्हणतात. त्याने जमीन भाजली की तण मरतं आणि रोप जोमाने येतं. तर तिथली ठिणगी वाऱ्याने वर गेली. असं दरवर्षीच होतं. पण दरवर्षी दिवाळीनंतर बाया टेकडीवरचं गवत कापून नेतात, त्यामुळे ठिणगी पडली तरी जळायला काही नसतं. इथे कुंपण पडल्यापासून गवत कापायला बंदी होती. रोपं तुडवली जातील म्हणून. गवत वाढलं, वाळलं, पुरुषभर उभं राहिलं.

"मंग कं," राखणदार म्हणाला, "येक ठिनगी न होली."

मला फार वाईट वाटलं. राब भाजणाऱ्याचा राग आला, कारण वारा सुटलेला दिसत असताना आग लावायची ती काय! आणि गवत न कापू देणाऱ्याचाही राग आला. झाडात साठवलेला धूर म्हणजे माझ्या मते माळ्यावरच्या धान्यासारखा. माळ्याला आग लागली की वर्षांची साठवण एका दुपारी गेली. इथे ती परत हवेत गेली होती, वर गवतही गेलं होतं.

परतताना दादाला म्हटलं, "आपल्या माळावर पण कुंपण?"

"तशी अटच हाय."

"आणि वहिनीचं गवत?"

दादाने गाडीचा वेग वाढवला.

वरचा माळ, शनिवार संध्याकाळ

माझी वहिनी, मंजुळा, लग्न होऊन आली तेव्हापासून त्या माळाचं गवत कापते. त्या गवतावर तिच्या म्हशी. म्हशींचं दूध डोंबिवलीला जातं, दोन्ही पोरांचं शिक्षण त्यावर झालं. पोरं आता डोंबिवलीच्या एमआयडीसीत कामाला आहेत, गवत कापायचं म्हटलं की त्यांना फोन येतात. दादाचे गुडघे गेले. उरली ही.

वालाचं बिरडं आणि सुकट खाऊन, उन्हं कलल्यावर तिला म्हटलं, "चल वर." ती पुढे, मी मागे. चमकीच्या चपलांनी चढावर दगा दिला आणि मी करवंदीच्या जाळीत बसकण मारली. वहिनीने एक एक काटा काढला, हसली मात्र पोट धरून. उठताना ओचाभर हिरवी करवंदं तोडून घेतली, लोणच्याला. काटे खाल्लेच होते, वसूल नको करायला?

वर ऐनांच्या खोडांवर तांबड्या रंगाच्या फुल्या होत्या.

"ह्ये कं?"

"कंपनीचा पोरगा मारून ग्येला. रोगाट झाडा काढनार बोलला."

मी कपाळाला हात लावला. ते ऐन बेंगरूळ दिसतात हे खरं. दरवर्षी राबासाठी फांद्या तोडून तोडून भुंडे झालेत, अंगाला गाठी आलेल्या. पण त्यांना रोग कसला! माझ्या आजोबांच्या आधीपासून उभे आहेत. राबाला कामाला येतात म्हणून तर कुणी बुंध्याला हात लावला नाही. ज्या गावात राब बंद झाला तिथले ऐन वखारीत गेले, हे मी लहानपणी बघितलंय.

झऱ्याशी बसलो. तळाला नुसता ओलावा होता. वहिनी म्हणाली, पूर्वी होळीनंतरही हंडा भरायचा, आता होळीच्या आधीच आटतो.

"तुला काय वाटतं गं? देऊ का माळ?"

"मना कोन इचारतंय? माजी सही थोरीच लागते."

"मी विचारतेय."

ती वाटच बघत असावी. भडाभडा बोलली. झाडं हवीत. झऱ्याच्या अंगाला, ओहोळाच्या दोन्ही बाजूंना, दाट. आंबा लाव, जांभूळ लाव, उंबर लाव, पानी धरील. ऐनांच्या मधल्या मोकळ्या जागेत लाव. पण वरचा गवताचा पट्टा मोकळा ठेव, आणि गवत मी कापणार. कुंपण घातलं तर म्हशी विकाव्या लागतील. "म्हशी ग्येल्या मंग मी दिसभर कं करू? तुजे दादाचे गुडघे बगत बसू?"

मग हळूच म्हणाली, "झटपट वाढतो तो निलगिरीपन लावला तरी चालंल मना." यावर मात्र मी तिला झापलं. निलगिरी पाणी ओढते, झऱ्याचं उरलंसुरलंही जाईल. शेजारच्या तालुक्यात लोकांनी लावून बघितली आणि आता पस्तावतात. तिने ऐकून घेतलं. "बरा, नको मंग," म्हणाली.

उतरताना माझं ठरलं होतं. सांगितलं मात्र कुणालाच नाही.

ओटीवर, रविवार

कंपनीचा मुलगा ऋषिकेश, नाशिककडचा. पोरगा गोड होता, खोटं का बोला. घावणे आणि चहा घेतला, दादाच्या पाया पडला. ओटीवर खुर्च्या मांडल्या होत्या, दादाला एक, त्याला एक, मला एक. वहिनी नेहमीसारखी दाराच्या चौकटीला टेकून उभी. दादाच्या खुर्चीशी एक खोका होता, माझ्या साडीचा.

मी सुरुवात केली. "बाळ, ऐनांवर फुल्या कशाला?"

"मावशी, ती डिसीज्ड झाडं आहेत ना."

मी त्याला राब समजावला. त्याने खरंच ऐकलं, फोनमध्ये फोटो काढून कुणालातरी पाठवला आणि म्हणाला, फुल्या पुसायला सांगतो. मग मी विचारलं, गवत का कापायचं नाही?

"जनावरं रोपं खातात. आणि मावशी, खरं सांगू? गवताच्या मुळांतही कार्बन असतो. पण तो मोजायला अवघड. झाडं मोजता येतात, म्हणून आम्ही झाडं लावतो."

"म्हणजे धूर काढणार लांबचा कारखाना, आणि गवत कापायचं बंद करायचं माझ्या वहिनीने?"

तो ओशाळला. पण गप्प बसला नाही, हे मला आवडलं. "मावशी, तुमचं बरोबर आहे. कारखान्यांनी धूर कमी केलाच पाहिजे, नुसत्या झाडांनी भागणार नाही. पण तुम्ही नाही म्हणालात तर इथे काय होईल? खदान. नाहीतर प्लॉट. मी अशा किती टेकड्या बघितल्यात."

आणि ते खोटं नव्हतं. दादा ताडकन म्हणालाच, "बरोबर बोलतंय पोरगा. प्लॉटवाला दोनदा येऊन ग्येला. ह्यांना नाय तर त्याला. माज्या गुडघ्यांनी आता माळ सांबालवत नाय, बाय."

त्याचंही खोटं नव्हतं. आयुष्यभर त्याने राबून ती जमीन राखली, मी ठाण्यात पोळ्या लाटत होते. एक क्षण मला वाटलं, कर बाई सही आणि सुट.

मग मी वहिनीकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. गोठ्याकडे बघत होती.

"दादा," मी म्हटलं, "मी सही करणार आहे."

त्याने सुस्कारा टाकला आणि खोका पुढे केला.

"पण या कागदावर नाही. माळातला माझा हिस्सा मी बक्षीसपत्राने वहिनीच्या नावावर करतेय. उद्याच कल्याणला ये, वकील मी बघते."

ऋषिकेशने चहाचा कप खाली ठेवला.

"बाय, खुली झालीस कं?" दादा शेवटी म्हणाला. "बहीन सही करते ती भावाच्या नावाव. बायकोच्या नावाव कोनी केलीय आजपरत?"

"मी केली. आता तुला भाड्याने द्यायचा तरी तिची सही, प्लॉटवाल्याला विकायचा तरी तिची सही. आणि दादा, माळ तिनेच सांभाळलाय, तुझे गुडघे गेल्यापासून तर तिनेच. तूच सांग, नाही का?"

दादाने स्वतःच्या गुडघ्यांवरून हात फिरवला. मग "हाय," एवढंच म्हणाला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलंही नाही.

खोका मी उचलला आणि वहिनीच्या हातात दिला. सहीची साडी ज्याची सही त्याला. साडी मोरपंखी होती, मला तसाही तो रंग शोभत नाही. माझी खुर्ची तिच्याकडे सरकवली. "बस. आता यांना काय विचारायचं ते तू विचार. झऱ्याचं, गवताचं, कुंपणाचं."

ऋषिकेशने स्वतःची खुर्ची वळवली, कागद उलटा करून तिच्या बाजूला धरला आणि म्हणाला, "बोला, मामी."

वहिनीने खोका खुर्चीवर ठेवला. पदर खोचला, पायरी उतरली.

"थांबा जरा," ती म्हणाली, "म्हशींना पानी दाखवून येते. तवर बसा सगली."

आणि आम्ही बसून राहिलो.